बैलाचे दात आणि कॅमेऱ्याचं शटर

मार्चच्या सुरुवातीला पाथर्डीहून मामेभावाचा फोन आला. "ताई, तू ते लोखंड कधी तुटतं त्याचाच अभ्यास करती ना? मग मला एक जुना कॅमेरा बघून दे."

या दोन वाक्यांचा संबंध लागायला मला जरा वेळ लागला. पण त्याचं बरोबर होतं. माझी पीएचडी धातूंच्या थकव्यावर आहे. एखादी पट्टी एका झटक्यात तोडायला जेवढा जोर लागतो, त्याच्या कितीतरी कमी जोराने ती पुन्हा पुन्हा वाकवली तरी ती एक दिवस तुटते. कितव्या वेळी तुटेल, हा माझा प्रश्न. डीएसएलआर कॅमेऱ्याचं शटरही नेमकं हेच सोसत असतं. फोटो काढला की पात्या धावतात, थांबतात, परत जागेवर येतात. हजार वेळा, लाख वेळा.

मामेभावाला लग्नाचे फोटो काढायचा धंदा सुरू करायचा होता. मामा-मामींनी वीस वर्षं ऊस तोडलाय. दिवाळीच्या आसपास गाडी भरून कारखान्यावर जायचं, हंगाम संपला की उन्हाळ्यात परत यायचं. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यातच हंगाम जायचा. पोराने उचल घ्यायची नाही, एवढं मामीने ठरवलं होतं. म्हणून तिने बचत गटातून चाळीस हजारांचं कर्ज काढलं. एप्रिल-मेच्या तिथी तोंडावर आल्या होत्या. चुकीचा कॅमेरा घेतला तर पहिल्याच सीझनमध्ये कर्ज डोक्यावर आणि शटर हातात, अशी गत झाली असती.

आमची ही खरेदी, आणि तिच्या निमित्ताने मी वाचलेला शटरचा इतिहास, असं दोन्ही या लेखात एकत्र सांगते. कारण इतिहास कळल्याशिवाय तो आकडा नीट वाचता येत नाही, हे मला त्या दोन दिवसांत पटलं.

वय विचारायची जुनी पद्धत

आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) जुन्या वस्तूचं वय ओळखायची एक मुरलेली विद्या आहे. काष्टीच्या किंवा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेलात तर बघाल. हेडी काहीही सांगो, घेणारा आधी बैलाचा खालचा ओठ खाली करतो आणि दात बघतो. दुधाचे दात असलेला तो आदत. दोन कायमचे दात आले की दुसा, चार आले की चौसा, आणि सगळे आठ आले की जुळीक. बैलाला जन्मदाखला नसतो, दात हाच दाखला.

पण यातली खरी गंमत जुळीकनंतर सुरू होते. आठही दात आले की मोजायला नवीन काही उरत नाही. मग जाणकार माणूस दातांची झीज बघतो. कडा किती घासल्यात, दातांत फटी पडल्यात का. एवढ्यावर तो थांबत नाही. बैल चालवून बघतो, खांदा चाचपतो, जू ठेवून बघतो. म्हणजे तीन वेगळे प्रश्न झाले. वय किती, झीज किती, आणि आज काम करतो का?

जुना कॅमेरा घेतानाही हेच तीन प्रश्न असतात. लोक पहिल्याचं उत्तर मिळालं की थांबतात. तिथेच फसतात.

शटरच नव्हतं तेव्हा

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. फोटोग्राफी आली तेव्हा शटर नावाचा भाग गरजेचाच नव्हता. १८३९ मध्ये दागेरोटाइप जाहीर झाला. पुढे मुंबईत १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी त्या वर्तुळात होती. त्या काळातल्या काचेच्या ओल्या प्लेटवर चित्र उमटायला काही सेकंद लागायचे. लेन्सवरचं झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे, झाकण परत लावायचं. झालं एक्सपोजर. झाकण झिजण्याचा प्रश्नच नव्हता. झिजायची ती समोर स्तब्ध बसलेल्या माणसाची मान.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली. त्या दशकाच्या शेवटी या प्लेट इतक्या जलद झाल्या की सेकंदाचा छोटा अंशही पुरू लागला. आता माणसाचा हात कमी पडला. झाकण तेवढ्या वेगाने काढता-लावता येईना. म्हणून यंत्र आलं. शटरचा जन्म असा हाताच्या मर्यादेतून झाला.

सिनेमाने त्याला आणखी पळवलं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं घेतली जात. म्हणजे मिनिटाला जवळजवळ हजार वेळा प्रकाश आत सोडायचा आणि अडवायचा. पण त्यासाठी तिथे फिरती चकती असते. ती एका दिशेने गोल फिरत राहते. दर वेळी थांबून उलट यायचं नसल्यामुळे तिला धक्के बसत नाहीत. याच्या अगदी उलट टोकाला दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते दाखवणारी छोटी फिल्म केली, 'अंकुराची वाढ'. रोज एक चित्र, महिनाभराहून अधिक काळ. एकाच जातीचं यंत्र एकाकडे मिनिटाला हजार वेळा उघडतंय, दुसऱ्याकडे दिवसातून एकदा.

म्हणून 'कॅमेरा किती वर्षं जुना' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. विचारायचं ते हे, की तो कोणाच्या हातात होता.

रोल मोजायचा तो आकडा

आपल्या ओळखीचं शटर, म्हणजे फिल्मच्या अगदी पुढ्यात धावणारे दोन पडदे, १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यामुळे लोकप्रिय झालं. त्यात कापडी पडदे आडवे धावत. १९६० च्या दशकात जपानच्या कोपाल कंपनीची धातूच्या पात्यांची, वरून खाली धावणारी शटर आली. चौकट ३६ मिलिमीटर रुंद पण २४ मिलिमीटरच उंच असते, त्यामुळे उभं धावणं जवळचं पडतं. १९८२ च्या निकॉन एफएम२ मध्ये टायटॅनियमच्या पात्यांनी सेकंदाचा १/४००० वा भाग गाठला. आजच्या डीएसएलआरमधलं शटर याच घराण्यातलं.

आता एक साधी गोष्ट. फिल्मच्या कॅमेऱ्यावरही आकडा दिसायचा, १ ते ३६. पण बहुतेक कॅमेऱ्यांत मागचं झाकण उघडलं की तो पुन्हा सुरुवातीला यायचा. तो कॅमेऱ्याचा आकडा नव्हताच, रोलचा होता. रोल महाग, धुलाई महाग, छपाई महाग. जिथे पैसा जात होता तिथे मोजणी होती. शटर किती वेळा उडालं हे कोणी मोजत नव्हतं, कारण त्याला वेगळा खर्च नव्हता.

हिशोब करून बघा. एका लग्नाला चार रोल, म्हणजे १४४ फोटो. वर्षाला तीस लग्नं धरली तर ४,३२० फोटो. अशा कॅमेऱ्याला एक लाखाचा टप्पा गाठायला २३ वर्षं लागतील. तोवर लेन्सला बुरशी येईल, नाहीतर मालक निवृत्त होईल.

डिजिटल आलं आणि फोटो फुकट झाला. निदान तसं वाटलं. आता साखरपुडा, हळद, लग्न, पाठवणी धरून एका घरचे अडीच हजार फोटो ही काही नवलाची गोष्ट नाही. तीस लग्नांचे झाले ७५,०००. म्हणजे २३ वर्षांचं काम सव्वा-दीड वर्षात. रोलचा खर्च गेला म्हणतो आपण, पण तो गेला कुठे? त्यातला काही भाग शटरच्या पात्यांवर जाऊन बसला. म्हणून मग कॅमेऱ्यानेच आपल्या पोटात एक आकडा मोजायला सुरुवात केली, आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात 'शटर काउंट किती?' हा दात बघण्यासारखा पहिला प्रश्न झाला.

आकडा कुठे लपलेला असतो

प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाईलमध्ये चित्रासोबत एक टाचण असतं. तारीख, वेग, छिद्राचा आकार, मॉडेल. या टाचणाची एक्झिफ नावाची प्रमाण पद्धत १९९५ मध्ये जपानमध्ये ठरली. त्यात एक कोपरा कंपनीच्या खासगी नोंदींसाठी राखीव असतो. तिथे काय लिहायचं हे कंपनी ठरवते, आणि ते कसं वाचायचं हे सहसा सांगत नाही. २००३ पासून फिल हार्वी या गृहस्थांनी एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्रॅम बनवून असे कोपरे वाचायची सोय केली. त्यामागे जगभरच्या हौशी लोकांची मेहनत आहे. मोडी कागद वाचणाऱ्यांसारखंच हे काम, अक्षर अक्षर लावत जायचं.

निकॉन आणि पेंटॅक्सच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये हा आकडा फोटोच्या फाईलमध्येच सापडतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो फाईलमध्ये नसतो, कॅमेरा केबलने संगणकाला जोडून विचारावा लागतो, आणि काही मॉडेल तेव्हाही दाद देत नाहीत.

इथे फसायच्या तीन जागा आहेत.

पहिली, फाईलचं नाव. डीएससी_४२१७ असं नाव दाखवून "चारच हजार झालेत" म्हणणारे भेटतात. हा क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा १ वर येतो, आणि मेनूतून केव्हाही बदलता येतो. तो दात नव्हे.

दुसरी, व्हॉट्सॲप. तिथे फोटो म्हणून पाठवलेली फाईल दाबून लहान होते आणि टाचण गळून पडतं. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवायचा. त्याहून चांगलं म्हणजे समोर उभं राहून आपल्या कार्डावर काढायचा.

तिसरी, बदललेलं शटर. दुरुस्तीत नवीन शटर बसवलं तर आकडा कधी शून्यावर आणला जातो, कधी तसाच ठेवला जातो. म्हणजे मोठ्या आकड्याखाली नवं शटर असू शकतं.

दीड लाख म्हणजे काय?

मामेभावाने निकॉन डी७५० बघितला होता. हे मॉडेल २०१४ चं. त्याचं शटर दीड लाख वेळा चालवून तपासल्याचं कंपनी सांगते. त्याआधीच्या डी९० साठी हा आकडा एक लाख होता, डी३ साठी तीन लाख. मामेभावाचा सरळ प्रश्न, "म्हणजे दीड लाखानंतर बंद पडतंय का?"

नाही. आणि दीड लाखापर्यंत चालेलच असंही नाही.

१८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. चांगला दिसणारा आस चालता चालता का तुटतो, हे कोडं होतं. जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने पुढे १८५०-६० च्या दशकांत वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून तोडले आणि ताण किती व फेऱ्या किती यांचं नातं मांडलं. माझ्या विषयाची सुरुवात तिथून होते.

या विषयात आल्यावर पहिला धडा मिळतो तो विखुरलेपणाचा. माझ्या प्रयोगात एकाच पत्र्यातून कापलेल्या, एकसारख्या घासलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक लवकर तुटते आणि दुसरी तिच्या तिप्पट फेऱ्या खाते. सुरुवातीला मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. चूक नव्हती. सूक्ष्म ओरखडा कुठे आहे, यावर सगळा खेळ असतो. त्यामुळे आम्ही 'ही पट्टी इतक्या फेऱ्यांना तुटेल' असं म्हणत नाही. 'अशा शंभर पट्ट्यांपैकी किती इतक्या फेऱ्या टिकतील' असं म्हणतो. शटरच्या दीड लाखाकडेही तसंच बघायचं. ती शेवटची तारीख नाही, चाचणीचा टप्पा आहे.

शटर सोसतं तरी किती? पात्या २४ मिलिमीटर अंतर साधारण तीन मिलिसेकंदांत कापतात असं धरा. स्थिर अवस्थेतून सुरू होऊन एवढ्या वेळात तेवढं अंतर जायचं तर त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पाचशे पटींहून जास्त लागतं. गणित ढोबळ आहे, पण अंदाज येतो. आणि लगेच पुढच्या दोन-चार मिलिमीटरमध्ये थांबायचं. पात्या, त्यांचे बारीक दांडे, स्प्रिंगा आणि शेवटी धक्का झेलणारं रबर, सगळे यात भरडले जातात.

शिवाय आकड्यात न दिसणारे दोषही असतात. निकॉनचा २०१२ चा डी६०० घ्या. त्यात फोटोवर बारीक काळे ठिपके येत असल्याच्या तक्रारी नव्या कॅमेऱ्यांपासूनच होत्या. शेवटी २०१४ मध्ये कंपनीने शटर आणि संबंधित भाग मोफत बदलून द्यायचं जाहीर केलं. डी७५० च्या काही तुकड्यांमध्येही शटरमुळे फोटोचा काही भाग काळवंडत होता. त्यासाठी २०१५ मध्ये मोफत दुरुस्तीची सूचना निघाली आणि पुढे तिची व्याप्ती वाढवली गेली. आपल्या कॅमेऱ्याचा अनुक्रमांक त्यात बसतो का ते बघायचं असतं. म्हणजे आदत बैलही लंगडा असू शकतो.

भिंतीचा फोटो

पहिला कॅमेरा नगर शहरात बघितला. विकणाऱ्याने आधीच सांगितलं, "पंचवीस-तीस हजारच चाललाय, तुम्हीच आकडा बघा." मी माझ्या कार्डावर फोटो काढला, लॅपटॉपमध्ये बघितलं. सत्तावीस हजार आणि काही. खरं बोलत होता. मामेभाऊ खिशात हात घालायला लागला.

मी म्हटलं थांब, जू ठेवून बघू.

चाचणी साधी आहे. पांढरी, एकसारखा उजेड असलेली भिंत घ्यायची. फोकस मुद्दाम घालवायचा. वेग १/४००० ठेवून दहा-बारा फोटो काढायचे आणि एकापाठोपाठ एक बघायचे. कारण असं. या वेगात दोन पडद्यांमध्ये जेमतेम दोन मिलिमीटरची फट असते आणि ती चौकटीवरून सरकत जाते. प्रत्येक जागेला पाव मिलिसेकंद उजेड मिळतो. दुसरा पडदा एखाद्या टोकाला ०.१ मिलिसेकंद जरी आधी पोचला, तरी तिथला उजेड ४० टक्क्यांनी घटतो आणि पट्टा डोळ्यांना दिसतो. हीच चूक १/६० ला एक टक्कासुद्धा भरत नाही. म्हणून दुकानात बसून दोन फोटो काढले की सगळे कॅमेरे चांगलेच दिसतात.

आमच्या फोटोंत वरच्या बाजूला गडद पट्टा आला. विकणारा म्हणाला, "ताई, ट्यूबलाइटमुळे होतं तसं." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ट्यूब आणि एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, त्यानेही पट्टे येतात. म्हणून आम्ही बाहेर गेलो. समोरच्या भिंतीवर स्वच्छ ऊन होतं. परत बारा फोटो. पट्टा होताच. शिवाय एका फोटोत जाड, दुसऱ्यात बारीक, तिसऱ्यात जवळजवळ नाही. सारखा असता तर वेगळं कारण शोधता आलं असतं. दर वेळी बदलतो, म्हणजे पडदे एका चालीत धावत नव्हते. कॅमेरा कुठे आपटला होता, दमट जागी पडून होता की आत हळदीची पूड गेली होती, ते कळायला मार्ग नव्हता. आम्ही नमस्कार करून निघालो.

एसटीत मामेभाऊ गप्प होता. "आकडा तर चांगला होता," एवढंच म्हणाला.

वहीतली लग्नं

दुसरा कॅमेरा राहुरीजवळच्या एका गावात होता. मालक साठीच्या पुढचे, आयुष्यभर लग्नं काढलेले काका. गुडघे गेले म्हणून काम सोडत होते. त्यांनी आकडा आधी सांगितलाच नाही. म्हणाले, "तुम्ही बघा, मग मी सांगतो."

१,१४,३८०. मामेभावाने माझ्याकडे बघितलं. चेहरा पडला होता.

मग काकांनी कपाटातून एक जाड वही काढली. २०१६ मध्ये कॅमेरा घेतल्यापासून त्यावर काढलेला प्रत्येक कार्यक्रम तिच्यात होता. तारीख, गाव, कोणाच्या घरचं, किती फोटो, किती पैसे आले, किती बाकी. ६१ कार्यक्रम. आम्ही दोघांनी फोटोंची बेरीज केली. एक लाख नऊ हजारांच्या आसपास आली. वरचे पाचेक हजार नातवाचे, असं काका म्हणाले. अनुक्रमांक दुरुस्तीच्या यादीत नव्हता, त्याचीही प्रिंट त्यांनी वहीत चिकटवली होती.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदांवर भर दिला, हे आपण शाळेपासून ऐकतो. कॅमेरा विकणाऱ्याचं बोलणं ही बखर. फाईलमधला आकडा हा अस्सल कागद. पण एकट्या कागदावरही विसंबायचं नसतं, त्याला दुसऱ्या, स्वतंत्र कागदाचा दुजोरा लागतो. इथे एक नोंद यंत्राने ठेवलेली, दुसरी माणसाने, आणि एकमेकांना न विचारता दोन्ही जुळत होत्या. माझ्या प्रयोगशाळेत असा दुजोरा मिळाला की मी त्या दिवशी लवकर घरी जाते.

तरी भिंत राहिली होती. अंगणात, उन्हातल्या चुन्याच्या भिंतीवर बारा फोटो काढले. सगळे सारखे, कडेपासून कडेपर्यंत. एफ/१६ वर आकाशाचा फोटो काढून ठिपके बघितले. दोन-तीन धुळीचे होते, पुसण्यासारखे. सलग धडाक्याने फोटो काढून आवाज ऐकला. एकसारखा. लेन्स काढून पात्या नुसत्या डोळ्यांनी बघितल्या. त्यांना बोट लावायचं नाही, हे मामेभावाला दोनदा बजावलं. वाकलेली पाती नाही, तेलाचा डाग नाही.

काका चौतीस हजार म्हणत होते. मी त्यांच्यासमोरच मामेभावाला हिशोब सांगितला. शटर आज चांगलं आहे. दीड लाखाचा टप्पा ३५,००० फोटोंवर आहे, म्हणजे तुझ्या हिशोबाने चौदा लग्नं. त्यानंतर ते आणखी लाखभर चालेल किंवा पुढच्या महिन्यात जाईल, दोन्ही शक्य आहे. तेव्हा नवीन शटरचे पैसे आत्ताच बाजूला काढ. काकांनी ऐकून घेतलं आणि तीस म्हणाले. उरलेल्या दहा हजारांना हात लावायचा नाही, असं ठरलं. त्याने ते मामीकडे ठेवायला दिले, हे माझ्या मते त्या दिवसाचं सगळ्यात शहाणपणाचं काम.

कोण मोजतं, काय मोजतं

संध्याकाळी पाथर्डीत घरी पोचलो. मामीने कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट बघितला. किती वेळा उघडलं ते हे यंत्र स्वतःच लिहून ठेवतं, असं मामेभावाने तिला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या उसाचा हिशोब बी असायचा की मुकादमाकडं. किती टन, किती खेपा. वाकल्याचा नव्हता कुणाकडं." आणि चहा टाकायला आत गेली. कमरेवर हात ठेवून उठते ती हल्ली.

मी तेव्हापासून त्या वाक्याचा विचार करतेय. फिल्मच्या काळात रोल मोजला जायचा, कारण रोलला पैसे पडायचे. शटर मोजायला लागलो, कारण ते बदलायला पैसे पडायला लागले. झीज तर दोन्ही काळांत होत होती. मोजणी झिजेच्या मागे जात नाही, खर्च करणाऱ्याच्या मागे जाते. ऊस टनावर मोजला गेला, कारण पैसे टनावर होते. कमरेचा खर्च ज्याचा त्याने करायचा होता, म्हणून ती कोणाच्याच वहीत आली नाही. माझ्या प्रयोगशाळेत चार बोटांच्या पट्टीची प्रत्येक फेरी मोजणारं यंत्र आहे. ते चालू करताना आता मला दर वेळी मामी आठवते.

शटरची कहाणी बहुधा आपल्याच डोळ्यांदेखत संपेल. २०२१ मध्ये आलेल्या निकॉन झेड९ मध्ये यांत्रिक शटर नाहीच, सेन्सरच उजेड घेणं सुरू आणि बंद करतो. पात्या नाहीत म्हणजे त्यांची झीजही नाही. असे कॅमेरे जुन्या बाजारात येतील तेव्हा आपण कशाचे दात बघू? बटणांचे, बॅटरीचे, की सेन्सरच्या तापण्याचे? काहीतरी झिजत असेलच. ते काय आहे हे आधी ओळखावं लागेल, मगच मोजता येईल.

तोवर ज्यांना जुना डीएसएलआर घ्यायचाय त्यांनी एवढं लक्षात ठेवा. आकडा आपल्या कार्डावरच्या मूळ फाईलमधून बघा. तो दुसऱ्या कशाशी तरी ताडून बघा. उन्हातल्या भिंतीचे बारा फोटो काढा. आणि शटर बदलायचे पैसे किमतीतच धरा.

मामेभावाने सीझनमध्ये अकरा लग्नं केली. आकडा आता १,३८,००० च्या पुढे आहे. बचत गटाचे हप्ते वेळेवर जातायत, ते दहा हजार अजून मामीच्या डब्यात आहेत. त्याने एक वहीही घातली आहे, काकांसारखी. तारीख, गाव, किती फोटो, किती बाकी. मी त्याला आणखी एक रकाना आखायला सांगितलंय, त्या दिवशी किती तास उभा होतास त्याचा.